पाया पडायची मनाई

आमच्या घरात एकाच माणसाच्या पाया पडायला मनाई होती. सासऱ्यांच्या पडा, सासूबाईंच्या पडा, पण मेजरांच्या पायांशी कुणी वाकलं की ते बैल बुजावा तसे मागं सरायचे. मेजर म्हणजे माझे थोरले दीर. हुद्दा शिपायाचाच, पण आमच्या लोहाऱ्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच होतो. मी त्यांना दादा म्हणायची.

ही मनाई मला कुणी सांगितलीच नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी पदर सावरून वाकले. तेव्हा मी फार शहाणी होते. सातवी पास होते आणि नमस्काराची आरशासमोर तालीम करून आले होते. ऐन मे महिना, आणि या माणसाच्या पायात लोकरीचे मोजे. हात लावला तर मोज्याचं पुढचं टोक रिकाम्या पिशवीसारखं दबलं. मी किंचाळले ती थेट हळदीकुंकवाच्या ताटात बसले. अक्कल एवढी की दिवसभर माझा समज, फौजेत बिचाऱ्यांना मापाचे मोजेसुद्धा देत नाहीत. दादा मात्र शांतपणे म्हणाले, "बाई, पाया पडायला पाय पुरता लागतो. माझा अर्धाच हाय."

उजव्या पायाची सगळी बोटं नव्हती. डाव्याचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट नव्हतं. चालताना ते टाचांवर जोर द्यायचे, आणि पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात पाय घातला की काठीसकट आडवे. कुणी उचलायला धावलं की म्हणायचे, "माणूस उभा ऱ्हातो टाचेवर, चालतो बोटावर. मला निसतं उभं ऱ्हायला ठेवलंय सरकारनं." मग बसून, सरकत सरकत खुरपायचे. थंडीत आम्ही कानाला फडकी बांधून कुडकुडत बसलो की त्यांना हसू यायचं. "ही थंडी न्हाय. ही निसती हवा हाय."

खरी थंडी त्यांनी बर्फातल्या चौकीवर खाल्ली होती. पहाऱ्याला उभे होते आणि वादळ सुटलं. बदलीचा शिपाई वर पोचूच शकला नाही, म्हणून दादांनी जागा सोडली नाही. आत आले तेव्हा पाय लाकूड झाले होते.

आता आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच औषध. पोट दुखलं, शेका. कान दुखला, शेका. सासूबाई चुलीत वीट तापवायच्या, फडक्यात गुंडाळायच्या आणि दुखेल तिथं दाबायच्या. त्याच आईचं ते लेकरू. त्यानं बूट काढले आणि पाय रॉकेलच्या शेगडीला टेकवले. बधिर पायाला चटका कळतोय कुठं? जळका वास आला तेव्हा त्यांना वाटलं, कुणाचं तरी घोंगडं पेटलंय.

इस्पितळात डॉक्टरनं विचारलं, यांनी सगळं खरं सांगितलं. पहारा सांगितला तशी शेगडीही सांगितली. बोटं कापली, घरी पाठवलं. अपंगत्वाची पेन्शन मागितली तर वरच्या मंडळाचं उत्तर आलं की इजा नोकरीमुळं झालेली नाही, स्वतःच्या निष्काळजीपणामुळं झाली आहे.

निष्काळजीपणा. हा शब्द आमच्या घरात सवतीसारखा राहिला. पुन्हा अर्ज, पुन्हा अपील, आणि दर वेळी उत्तरात तोच. एका वकिलानं युक्ती सुचवली, "मेजर, शेगडीचं नावच काढू नका. डॉक्टरनं चुकीचं ऐकलं म्हणा."

दादा म्हणाले, "शेकलं मीच. व्हय. पण गार कुणी केलं, ते इचारा की त्यांला."

ते सगळ्यांना सांगायचे, पैसा नका देऊ, तेवढा शब्द खोडा. मी मागून म्हणायची, पैसाही द्या. मी काही एवढी थोर नाही.

पुढं जाऊबाईंचे गुडघे गेले आणि दादांबरोबर धाराशिवच्या सैनिक कार्यालयाच्या चकरा माझ्याकडं आल्या. टेबलामागं एक तरुण साहेब होता. दर खेपेला फाइल चाळत म्हणायचा, "आजी, बर्फात काम करणाऱ्यानं थोडी काळजी घ्यायला नको का?"

मग एके दिवशी त्यानं तेच म्हटलं तेव्हा माझ्या पिशवीत डबा होता. स्टँडवरच्या रसवंतीतून बर्फ भरून आणला होता. डबा मी त्याच्या टेबलावर उघडला. "घ्यायलाच पाहिजे की. यात जरा बोटं घाला साहेब, चहा येईस्तोवर."

पोरगा चांगल्या घरचा होता, हसला आणि घातली बोटं. थोड्या वेळानं हसू मावळलं. चहा आला तसा त्यानं हात बाहेर ओढला आणि दोन्ही तळव्यांत तो गरम ग्लास गच्च धरला.

म्हटलं, "साहेब, हा तुमचा निष्काळजीपणा चाललाय."

चहावाला फिस्सकन हसला. साहेब खाली बघत म्हणाला, "आजी, मला पटतंय हो. पण ठरवणारे वर आहेत."

मी विचारलं, "मग वर कुणी चहा पीत न्हाय का?"

परतताना एसटीत दादा म्हणाले, "बाई, थोरल्या दिराफुडं बायका तोंड उघडत न्हाईत." मग तिकीट खिशात घालता घालता एकदम विचारलं, "बर्फ कितीला दिला त्यानं?" नळदुर्ग येईपर्यंत हा माणूस हसत होता.

साहेबानं चांगलं टिपण लिहून फाइल वर पाठवली. वरून तो शब्द होता तसाच परत आला, अनुस्वाराचाही फरक नाही. मला राग त्या शब्दाचा नाही एवढा. राग याचा की ज्यानं वादळात जागा सोडली नाही त्याला बेफिकीर कुणी म्हणावं, तर उबेला बसलेल्यांनी.

यंदा ऐन उन्हाळ्यात दादा गेले. अंघोळ घातली, आणि भावकीतल्या म्हाताऱ्यानं सवयीनं दोरा मागितला, पायाचे अंगठे बांधायला. दोरा आला, पण अंगठे कुठले? बांधायचं काय? म्हातारा पुटपुटला, "घोट्याला बांधू, चालतंय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आत जाऊन त्यांचे धुतलेले मोजे आणले. पायात चढवले आणि दोन्ही रिकामी टोकं एकमेकांत घालून गाठ मारली. मेल्यावरचा विधीसुद्धा या माणसाला पुरता मिळू नये, अशी त्या पहाऱ्याची किंमत. मग त्या गाठीवर मी कपाळ टेकवलं. दादा मागं सरले नाहीत.

आता अपील जाऊबाईंच्या नावानं पुन्हा टाकलंय. टेबलामागं नवा साहेब आलाय म्हणे, तोही काळजी घ्यायला सांगतो. सोमवारी निघायचंय. डबा घासून ठेवलाय.