शिक्क्यावरची तारीख

चूक माझी होती. शारजातल्या त्या वकिली ऑफिसात मुदतींची डायरी मीच ठेवायची. साहेब मुंबईचे, अरबीचा गंध नाही. कोर्टाचा निकाल आला की बाहेरून इंग्रजी भाषांतर करून घ्यायचं आणि त्यावरच भिस्त ठेवायची, ही आमची रीत. रास अल खैमाच्या एका सिमेंट कारखान्यात तीन बोटं गमावलेल्या कोकणातल्या माणसाच्या भरपाईच्या दाव्याचा निकालही असाच आला, तोही त्याच्या विरुद्ध. भाषांतरवाल्याच्या शिक्क्यावरची तारीख मी निकालाची तारीख समजून डायरीत लिहिली. अपील उशिरा गेलं आणि फेटाळलं गेलं.

त्यानं साहेबांवरच दावा लावला. वकिलानं कसूर केली की नाही हे तज्ज्ञ सांगेल, असं कोर्टानं ठरवलं. तज्ज्ञाचा अहवाल त्याच्या बाजूनं आला, तरच त्याला आशा होती.

"ताई, कॅलेंडर वाचायला एक्स्पर्ट कशाला? तोपण वकीलच. सगळे एकाच माळेचे मणी," तो मला तज्ज्ञाच्या ऑफिसच्या जिन्यात म्हणाला. चोराच्या मनात चांदणं. मी नजर चुकवली.

साहेबांनी गाडीतच मला पढवलं होतं. "क्लायंटने पेपर्स लेट दिये, बस इतना बोलना. खलास." माझा व्हिसा त्यांच्या ऑफिसचा आणि नवऱ्याची नोकरी नुकतीच गेलेली.

तज्ज्ञ म्हणजे एक वयस्कर अरब वकील. त्यांनी अरबी निकाल आणि आमची डायरी शेजारी शेजारी ठेवली.

"ही तारीख कुणी लिहिली?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

साहेबांनी घसा खाकरला. त्या खाकरण्याचाच मला संताप आला. भिंतभर पदव्या टांगल्या, पण मूळ कागद कुणाकडून वाचून घ्यायची तसदी घेतली नाही!

"मी लिहिली. शिक्क्यावरून."

"वकिलांनी मूळ निकालाशी ताडून पाहिली?"

"नाही. ते कधीच पाहत नाहीत."

तज्ज्ञांनी ते शब्दशः लिहून घेतलं. साहेब तडक बाहेर गेले. नोकरी गेल्यातच जमा होती, तरी मला हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

दुभाष्यानं त्या माणसाला सगळं हिंदीत सांगितलं. तो माझ्याकडे वळला.

"ताई, तुम्हाला हे कधी कळलं?"

"अपील फेटाळलं त्याच दिवशी."

"म्हणजे वर्ष झालं," तो हळूच म्हणाला. "दावा लावायच्या आधी कितीदा तुमच्याकडेच आलो, माझं काय चुकलं ते विचारायला."