शिडाचं कापड कुणी विणलं?

ग्राफमास्तरांनी वॉल हँगिंग कधी समोरून पाहिलं नाही. नवा नमुना हातात आला की आधी तो उलटा करायचे, मागचे धागे अंगठ्याने चाचपायचे आणि मगच तोंड उघडायचे. "समोरून काय, समदेच देखणे दिसत्यात की," म्हणायचे.

सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचं दोन खणांचं घर. ग्राफच्या, म्हणजे चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून ते चित्र उतरवायचे आणि त्याबरहुकूम विणकर ते मागावर विणायचा. मागणी कायम नामवंतांच्या चेहऱ्यांना. पुढारी, नट, शिखरं चढलेले, समुद्र ओलांडलेले. मास्तर सगळ्यांना कागदावर आणायचे, पण कुरकुरत. "नवा देश ह्यानं शोधला म्हणत्यात. मग शिडाचं कापड कुणी विणलं? त्याचं नाव कुटं हाय?" तेव्हा मला हसू यायचं. आता चीड येते. ज्याचा गाजावाजा झाला तोच दर्यावर्दी, आणि दरबारात ज्याला आसन मिळालं तोच चित्रकार. बाकीच्यांनी काय गवत उपटलं?

एका नटाचा सत्कार होता. त्याने पडद्यावर दर्यावर्दी रंगवला होता, म्हणून मास्तरांना काम देणाऱ्या माग-कारखान्याच्या शेठनी मोठं हँगिंग सांगितलं. जहाजाच्या टोकावर दर्यावर्दी, चेहरा मात्र नटाचा! मास्तरांनी दोन महिने डोळे फोडले. फक्त त्याच्या पायाशी, शीड शिवत बसलेला एक म्हातारा त्यांनी आपल्या मनाने घातला.

"मास्तर, ह्याला कोण ओळखतं? काढून टाका," शेठ म्हणाले.

"ओळखत न्हाईत म्हणून तर घातलाय की."

शेठनी वाद घातला नाही. विणून आल्यावर खालचा वीतभर भाग मागे दुमडला आणि वर फ्रेम ठोकली. झाला म्हातारा गडप.

सत्काराला मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते. निवेदक 'शेठजींची कलाकृती' म्हणाला आणि टाळ्या पडल्या. मी बातमीदार म्हणून पुढच्या रांगेत होते. मला सगळं माहीत होतं. तरी माझ्या बातमीत नटाचं नाव चारदा, शेठचं दोनदा आणि मास्तरांचा उल्लेख एकदाही नव्हता. जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. धडधडीत खोटं. नटाच्या गॉगलचं वर्णन करायला बरी जागा पुरली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर पेपर घेऊन माझ्या दारात उभे. त्यांनी पान उलटं केलं, अंगठ्याने चाचपलं आणि म्हणाले, "ताई, समोरून लई झ्याक हाय." चहासुद्धा न घेता गेले.

गेल्या महिन्यात मास्तर वारले. त्या संध्याकाळी मी संपादकांशी भांडून तीन कॉलम मिळवले, आणि पहिल्याच ओळीला अडले. वीस वर्षं मी त्यांना ग्राफमास्तरच म्हणत आले होते. शेवटी त्यांच्या घरी फोन लावला.

"काकू, मास्तरांचं पूर्ण नाव काय हो?"

पलीकडचं रडणं थांबलं. त्या म्हणाल्या, "तुमाला बी ठाऊक न्हाई व्हय, ताई?"