हळदीचा नमुना आणि आमचे अण्णा

विश्वास ठेवावा तरी कुणावर हो? हळदीच्या रंगावर, शेतकऱ्याच्या शब्दावर, की प्रयोगशाळेच्या मशीनवर? आमच्या सांगलीच्या यार्डात या एका प्रश्नापायी इतके किस्से साठलेत, की चहा निवतो पण किस्से संपत नाहीत!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी आणि माझे भागीदार अण्णा, दोघं मिळून पहिल्यांदाच युरोपला हळदीचा कंटेनर पाठवत होतो. अट एकच. मालात बीएचसी पावडरचा अंश नको. कीड-मुंगीसाठी आपल्याकडं ती सर्रास मारायचे. एकदा मारली की वर्षानुवर्षं जात नाही. माल तिकडून परत आला असता, तर सांगलीच्या हळदीला पुन्हा कुणी विचारलं नसतं.

*

खरेदीदाराचा मुंबईचा एजंट आला. म्हणाला, "गोडाऊन दाखवा."

आम्ही त्याला हरिपूरच्या मोकळ्या माळावर नेलं. साहेब चारी दिशांना बघतोय. ना भिंत, ना पत्रा!

"व्हेअर इज द गोडाऊन?"

आमचा हमाल म्हणाला, "आवं, तुमी गोडाऊनवरच हुबं हायसा की!"

पेव उघडून दाखवलं. जमिनीखाली बंद केलेली हळद, पिवळीधमक. आत हवाच नाही, तर किडा कुठला जगतोय? पावडरचं कामच नाही. साहेबानं टोपी काढली. उकाड्यानं नव्हे, आदरानं!

*

प्रयोगशाळेतले कांबळेसाहेब मूळचे रहिमतपूरचे. त्यांनी अण्णांना समजावलं, "पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग."

अण्णा गार! "साहेब, एवढं बारीक तर आमची सौभाग्यवतीपण बघत न्हाई!"

*

आणि नमुना फेल झाला.

यार्डात सुतकी कळा. कांबळेसाहेब स्वतः सांगलीला आले. "अण्णा, हा नमुना पाठवायच्या आधी कुठं ठेवला होता?"

"कुठं म्हणजे? देवापुढं! नव्या हंगामाचा पहिला माल आम्ही एक रात्र देवापुढंच ठेवतो."

साहेब देव्हाऱ्यापाशी गेले. खाली पांढरी रेघ.

"हे काय?"

"पावडर. पेढ्याला लय मुंग्या लागत्यात न्हवं!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अण्णा, देवाची टेस्ट करायची सोय आमच्याकडं नाही. दुसरा नमुना मी घेतो."

*

दुसऱ्या वेळी साहेबांनी पोत्यापोत्यातून मूठमूठ हळद काढली. अण्णा मागं मागं. "ही वाकडी राहू द्या, ही बघा कशी गोंडस हाय..."

"अण्णा, मी मुलगी बघायला आलेलो नाही!"

नमुना पास. निकालाचा फोन आला, तेव्हा अख्खं यार्ड आमच्या पेढीवर. सांगलीची हळद आहे राव, नुसती गोष्ट नव्हे!

*

पण खरा किस्सा कंटेनर भरायच्या दिवसाचा. माल थोडा कमी पडत होता. संध्याकाळी गाडी निघणार. तेवढ्यात इस्लामपूरकडच्या शेतकरीण येसूअक्का टेम्पोभर हळद घेऊन आल्या. लखलखीत माल! अण्णांनी हमालांना हाक दिली.

अक्का आडव्या उभ्या राहिल्या. "थांबा. ह्यो माल पेवातला न्हाई, घरातला हाय. खोलीत वाळवी झालती, आमच्या मालकांनी पावडर मारलीया."

अण्णा दबक्या आवाजात म्हणाले, "अक्का, हळू बोला. बरं, तिकडं नको. हितंच मसालेवाल्याला देऊ. हितं कोण तपासतंय?"

"का? हितल्या पोरांच्या पोटाला पत्र्याचं अस्तर हाय व्हय?"

अक्कांनी उतरलेली दोन पोतीही टेम्पोत परत चढवायला लावली. आमच्या कंटेनरचं दार तेवढी जागा रिकामी ठेवूनच बंद झालं.

टेम्पोत बसता बसता अक्का माझ्याकडं वळल्या. "शेठ, येसूचा माल आलताच न्हाई, असं वहीत लिवू नगा. आलता, पावडर हुती, म्हणून परत न्हेला, असं लिवा. हिशोब खरा ठेवा."