आयोवाचं गोडं पाणी

दुबईशेजारच्या अजमानमध्ये, आमच्या बाल्कनीत सकाळी झाडलं तरी संध्याकाळी वाळू असतेच. कुणी आणत नाही, ती येते. शनिवारच्या जेवणांतल्या किश्शांचंही तसंच. तीन मराठी घरं, वीस वर्षांची ओळख आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या मुलांबद्दल ठाम मत.

या वर्षी विषय मी होते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मला सॉइल सायन्सच्या एमएसला ॲडमिशन मिळाली. खर्चाची हमी देणाऱ्या स्पॉन्सर लेटरवर बाबांची सही हवी होती, महिनाअखेरपर्यंत. बाबा म्हणाले, "सगळ्यांशी बोलून ठरवू."

सगळ्यांशी! शिकणार मी.

*

जोगकाका फुजैराच्या बंदरात जहाजांना तेल पुरवतात. त्यांचा पहिला प्रश्न, "समुद्र किती लांब?"

"समुद्र नाहीच, काका. पूर्वेला मिसिसिपी नदी, पश्चिमेला मिसूरी, मधे मका."

"मग पळून यायचं कुठून?"

*

जोगकाकूंना शेजार कसा आहे ते हवं होतं. मी खरं सांगितलं, "तिथे माणसांपेक्षा डुकरं जास्त आहेत."

काकूंचा भाजीचा डाव हवेत थांबला.

"बरंय की," आई म्हणाली. "निदान ती हिच्या लग्नाचं विचारणार नाहीत."

*

देशपांडेकाका सर्व्हेयर. नकाशा बघून खूश झाले. "मैलामैलावर सरळ रस्ता, काटकोनात शेतं. याला म्हणतात शिस्त. बांधावरून भांडणच झालं नसेल."

"झालं ना. आधीच्या लोकांना करार करकरून हुसकावलं, मग पट्टी ठेवून रेघा मारल्या. त्यांच्यातल्या मेस्क्वाकी जमातीनं तर स्वतःच्याच जमिनीचा तुकडा पैसे मोजून परत विकत घेतला."

काकांनी नकाशा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या साताऱ्यासारखंच."

*

बाबा बावीस वर्षं समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर आहेत. मीच उत्साहात बोलून गेले, की आयोवाच्या उत्तरेला पूर्वी दलदल होती. शेतकऱ्यांनी जमिनीखाली भाजलेल्या मातीचे पाइप घातले आणि पाणी नद्यांना सोडून दिलं. अजूनही सोडतात.

"गोडं पाणी?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो, बाबा."

ते पानावरून उठले. "अशा लोकांत मुलगी पाठवायची?"

सही आणखी एक शनिवार पुढे गेली. देशपांडेकाका म्हणाले, "होईल, इन्शाल्ला." इथे जन्मलेय मी. त्या इन्शाल्लाचा अर्थ 'बघू कधीतरी' असतो, हे मला कुणी सांगायला नको.

*

शेवटच्या शनिवारी मी लेटर बाबांच्या ताटाशेजारीच ठेवलं. "आज शेवटचा दिवस. सही करा, नाहीतर नाही म्हणा. इन्शाल्ला चालणार नाही."

 

बाबांनी हात धुतले, पुसले, चष्मा लावला. पूर्ण पान वाचलं. सही केली. मग आत जाऊन प्लांटवरचा जुना मीटर घेऊन आले. पेनाएवढा, पाण्यात बुडवला की त्यात क्षार किती ते दाखवतो. तो लेटरवर ठेवला.

"ते पाइप जिथे उघडतात ना," म्हणाले, "तिथे नदीत पडायच्या आधी मोज. रीडिंग मला पाठव."

"बरं."

"रोज."