रोटी एकाकडे, रस्सा दुसऱ्याकडे

कर्नलसाहेबांनी दोन्ही ट्रेलरमध्ये वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे दोन्ही सारखे का?"

"सर, ऑर्डरच तशी आहे," मी म्हणालो.

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या शेडमध्ये तेव्हा फील्ड किचन बनत. फील्ड किचन म्हणजे ट्रकला जोडून ओढायचं, चाकांवरचं स्वयंपाकघर. त्यात रश्शाची पातेली, रोटीचे ओव्हन, डिझेलचे बर्नर. डिझाइन आणि कोटेशन माझ्याकडे. ही ऑर्डर युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका देशासाठी होती. पैसा परदेशी मदतीचा. लढलेल्या दोन्ही गटांना एकाच नव्या सैन्यात घ्यायचं, ही त्या मदतीची अट. कर्नल अशा पहिल्या मिश्र पलटणीचे प्रमुख होते. माल तपासायला आले होते.

"माझी माणसं परवापर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडत होती," ते म्हणाले. "एक किचन हे घेतील, दुसरं ते. मग माझ्याकडे दोन पलटणी होतील. हत्यारं दोघांकडे आहेत."

आपल्याकडेही भाऊ वेगळे झाले की आधी चूल वेगळी होते. मला जास्त समजावावं लागलं नाही.

त्यांना एकच मोठं किचन हवं होतं. मी मदत देणाऱ्यांच्या सल्लागाराला फोन लावला. तो म्हणाला, "बदल हवा तर नवी मंजुरी. म्हणजे पुढचं बजेट."

आमचे बॉस नायरसाहेब हिंदीत गरजले, "सावंत, गुरुवार को जहाज है. तुम इंजिनियर है कि शांतिदूत? कंटेनर बंद करो, खलास."

कर्नल चहाचा कप तसाच ठेवून बसले होते. मी ट्रेलरभोवती फिरलो. ऑर्डरमध्ये वस्तूंची एकूण संख्या ठरलेली असते. कुठली वस्तू कुठल्या ट्रेलरवर बसवायची, ते चाकांवर येणारा भार बघून कारखाना ठरवतो. मी पुन्हा फोन केला. सल्लागार म्हणाला, "संख्या तीच ना? मग मांडणी तुमची तुम्ही बघा."

"सगळे ओव्हन एकावर, सगळी पातेली दुसऱ्यावर," मी कर्नलना म्हणालो. "रोटी एकाकडे, रस्सा दुसऱ्याकडे."

ते पहिल्यांदा हसले. "म्हणजे कोरडी रोटी चावा, नाहीतर शेजाऱ्याला हाक मारा."

ओव्हन जड. म्हणून पाण्याची आणि डिझेलची टाकी पातेल्यांच्या ट्रेलरवर नेली, तेव्हा भार जुळला. वेल्डर कुरकुरले, नायरसाहेब दिवसभर घड्याळ बघत फिरले. पण माल पाठवण्याआधी नवं किचन पेटवून खरंच स्वयंपाक करायचा, ही आमची पद्धत होती. त्या दिवशी रत्नागिरीच्या आमच्या फिटरनं रश्शात कोकम टाकलं. नायरसाहेबांनी दोनदा वाढून घेतला. कर्नल उभ्यानंच जेवले.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. सुरुवातीला रोटीवाल्यांनी रोटी अडवली, मग रस्सेवाल्यांनी रस्सा. दोघंही अर्धपोटी झोपले. नंतर वाटाघाटी झाल्या, त्यात कर्नलना कोणी बोलावलं नाही. "आता दोन्ही गटांची मिळून एकच तक्रार आहे," ते म्हणाले. "तुमचे बर्नर फार धूर करतात."

तक्रार खरी होती. बर्नर वॉरंटीत बदलून दिले.

ती शेड आता नाही. मी अल रीम आयलंडवरच्या काचेच्या ऑफिसात बसतो. इथे वेल्डिंगचा वास येत नाही आणि कोणी कोणाला जेवायला वाढत नाही. सैन्यसुधारणेचे जाड अहवाल समोर येतात. त्यांत स्वयंपाकघराचा उल्लेख मला अजून सापडलेला नाही. मी मात्र कोटेशन देण्याआधी विचारून घेतो, पंगतीला कोण कोण आहे.