शेजारच्या सीटचा ब्रेक

“पुढच्या सीटवर नको, मागच्या नको, उभीही नको. मग काय टपावर बसू?” आईने पातेलं ओट्यावर आदळलं.

“तू येऊच नकोस, एवढंच म्हणतेय मी,” लेक म्हणाली. “मघापासून तेच म्हणतेय.”

“मघापासून म्हटलं म्हणून ते बरोबर होत नाही.”

“वहिनी, त्या पातेल्याने काय घोडं मारलंय तुमचं?” आत्या म्हणाली. भाचीच्या कौतुकासाठी ती सकाळीच परगावाहून आली होती आणि आल्यापासून टेबलाशी बसून मटार सोलत होती. निम्मे वाटीत पडत होते, निम्मे तोंडात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक शहराच्या बसवर ड्रायव्हर म्हणून पहिली फेरी करणार होती. डेपोची रीत अशी, की नव्या ड्रायव्हरच्या पहिल्या फेरीला घरच्यांसाठी पुढची सीट राखून ठेवायची. बाबा एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. त्यांनी सुटी काढून ठेवली होती. आईने तर आपल्या सगळ्या शिकाऊंना बजावलं होतं, उद्या क्लास बंद.

आई मोटार चालवायला शिकवायची. गल्लीत तिला ब्रेकबाई म्हणत, आधी पाठीमागे, हल्ली तोंडावरही. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशी, शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो. दोन्ही पेडलं खालून सळईने जोडलेली. शेजारचं दाबलं की चालवणाऱ्याच्या पायाखालचंही आपोआप खाली जातं. आईच्या उजव्या पायात ते इतकं भिनलं होतं, की जेवताना कुणी वाडगं जरा जोरात सरकवलं तरी टेबलाखाली तिचा चवडा फरशीवर दाबला जायचा. उजवी चप्पल डावीच्या कितीतरी आधी झिजायची, आणि चपला सुट्या मिळत नाहीत म्हणून ती चप्पलवाल्याशी दरवेळी हुज्जत घालायची.

लेक त्याच गाडीत वाढली. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून मागच्या सीटवर उशी, दुधाची बाटली आणि पोर. तिच्या तोंडून पहिला स्पष्ट शब्द निघाला तो ‘आई’ नव्हे, ‘क्लच’. आई हे अभिमानाने सांगायची, बाबा जरा कमी. एका घाबरट बँकवाल्याने चढावर गाडी गचके देत नेली तेव्हा पोरीचा हलणारा दात पडला. सीटखाली सगळ्यांनी शोधला, बँकवाल्यानेही. शाळेच्या पहिल्या दिवशी एक शिकाऊ बाई गाडी हाकत होत्या, त्यामुळे शाळेशी पोचेपर्यंत घंटा होऊन गेली होती. कॉलेजचा निकाल सिग्नलवर फोनवरून कळला आणि सिग्नल सुटला तरी आईचा पाय ब्रेकवरून निघेना. मागच्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. सुटीच्या दिवशी टपावरची शिकाऊची पाटी उतरवून तिघं तलावाकाठी जात, चारी दारं उघडी टाकून डबा खात. बाबा हमखास डुलकी काढत. आईला पोरीचं बालपण आठवायचं ते असं, काचेतून. आणि त्या सगळ्यात ती स्वतः शेजारच्या सीटवर असायची. उद्या तेवढी ती नसावी, हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

“लोकांच्या पोरांना मी शिकवलं,” ती आता म्हणाली. “लग्नाचं बोलावतात, बारशाचं बोलावतात. पोटच्या पोरीला मात्र माझी लाज वाटते.”

“लाज कुठून आली मध्येच?”

“मग भीती वाटते का? मी काय ओरडणारेय बसमध्ये?”

“ओरडलीस तर चालेल गं.”

“वहिनींना अगदी मागे बसवू,” आत्याने तोडगा काढला. “मी तोंडावर हात ठेवते त्यांच्या.”

“आरशात मागची सीटही दिसते, आत्या.”

“म्हणजे आता माझं तोंडही बघवत नाही,” आई म्हणाली. “अहो, ऐकताय ना? तुम्हीच लाडावून ठेवलीय.”

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “काय झालंय ते सांगून टाक तिला,” ते लेकीला म्हणाले.

आईचा हात थांबला. “काय झालंय? आणि तुम्हाला माहितीय?”

लेक उभी होती ती खुर्चीवर बसली. “ट्रेनिंगच्या सुरुवातीला झालं. भाजीची हातगाडी एकदम आडवी आली. मला दिसली. पाय ब्रेकवर गेला.”

“मग?”

“गेला आणि तिथेच राहिला. दाबला नाही. शेजारच्या ट्रेनरनी हँडब्रेक ओढला म्हणून ती हातगाडी वाचली. मला विचारलं, पाय झोपला होता का. मी म्हटलं, डोळ्यांवर ऊन आलं.”

आईने हात पुसले. आता ती शिकाऊला विचारते तसं विचारू लागली. “वेग किती होता?”

“फार नव्हता.”

“पाय पेडलवर होता की शेजारी?”

“पेडलवर.”

“मग दाबला का नाहीस?”

“वाट बघत होते.”

“कशाची?”

“पेडल खाली जायची,” लेक म्हणाली. “ते नेहमी जातं ना आपोआप. मी गाडी शिकले तेव्हापासून जातंय. मला वाटायचं, ब्रेक असाच असतो.”

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“काहीतरीच,” आई म्हणाली. “तू उत्तम ब्रेक लावतेस. आजच सकाळी तो स्कूटरवाला हात न दाखवता वळला, तेव्हा कशी अलगद थांबवलीस गाडी. मी आल्याआल्या वन्संना सांगितलं. सांगितलं की नाही हो वन्सं? आमच्या दोघींचे पाय एकदमच पडतात म्हणून?”

“सांगितलंत,” आत्या हळूच म्हणाली.

“माझा पडला नव्हता, आई.”

कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करायला बाबा उठले.

“महिनाभर डेपोच्या मैदानात रिकामी बस फिरवून ती खोड घालवली मी,” लेक म्हणाली. “गेली होती. ट्रेनर शेजारी असले तरी माझं मी थांबवायचे. आज तू शेजारी बसलीस आणि पाय परत वाट बघायला लागला. नोकरी अजून कच्ची आहे. नोकरीचंही सोड, उद्या मागे चाळीस माणसं बसलेली असतील.”

“मी पाय बांधून बसेन.”

“तुझा बांधशील. माझ्या पायाचं काय?”

आई लेकीच्या समोर बसली. पोरीचा पाय टेबलाखाली कुठे आहे ते तिने वाकून पाहिलं, आणि पाहताना आत्याने बघितलं म्हणून खाली पडलेला मटार उचलल्यासारखं केलं. तिच्या हाताखालून पास होऊन गेलेल्यांपैकी कुणी कधी असं सांगायला आलं नव्हतं. पण ते थोडे दिवस शिकून निघून जात. ही गेलीच नव्हती.

“मला आधी का नाही बोललीस?”

“तू सगळ्यांना सांगत होतीस ना,” लेक म्हणाली. “माझ्या पोरीला आमच्या गाडीने घडवलं म्हणून. इतकी खूश असायचीस.”

“यांना सांगितलंस.”

“त्यांनी ओळखलं. मी मैदानातून यायचे तेव्हा पाय सुजलेला असायचा.”

बाबा ओट्याशी पाठमोरे उभे होते. कुकर निवायच्या आतच झाकणाशी झटापट करत होते.

“अगं, आपण दोघं थांबू घरी,” ते तसेच म्हणाले. “आत्याला पाठवू एकटीला.”

“मी एकटी?” आत्या म्हणाली. “मला बस लागते, दादा.”

आई उठली. कोपऱ्यातल्या खिळ्यावरून तिने शिकवायच्या गाडीची किल्ली काढली, दोन शिकाऊंना फोन लावले आणि सकाळी नेहमीच्या वेळी या म्हणून सांगितलं. एकाने विचारलं असावं, कारण ती म्हणाली, “हो, बदललं.” मग तिने ताटं घेतली.

“उद्या मी क्लास घेणार आहे,” ती तिघांना म्हणाली. “बसमध्ये तुम्ही दोघं बसाल. पुढच्या सीटवर नाही, मागे, आणि स्टॉप येईपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही. आणि आजपासून माझ्या गाडीत ही चालवायला बसणार नाही. जेवायला बसा.”