चादरीची दोन टोकं

ताईने बाहेरून बारावी करून बेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. हॉस्पिटलच्या लाँड्रीत अठरा वर्षं चादरी धुतलेली बाई, तिने फार तर शिवणाचा क्लास लावावा. हिने घेतल्या फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन, तेही पदवीला. कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाली, शाळेत फ्रेंचचे सतराच तास मिळाले होते, पुढचे राहिलेत. आई गेली तेव्हा घरासाठी शाळा तिची सुटली होती, माझी नाही.

अभ्यास ती काम करता करताच करायची. मशीनपाशी इटालियन, इस्त्रीपाशी स्पॅनिश आणि चादरींच्या घड्या घालताना फ्रेंच. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. घरच्या सरावाला दुसरं माणूस मी. दोन टोकं धरून उभा राहायचो आणि ती माझ्याशी फ्रेंचमध्ये बोलत सुटायची. मला ओ की ठो कळत नसे. घडी वाकडी पडली की मात्र पुन्हा घालायला लावायची, तेही फ्रेंचमध्ये.

पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत तिला रिकाम्या हातांनी खुर्चीवर बसवलं आणि सगळा घोळ झाला. तिन्ही भाषा एकाच आईच्या लेकी. एकीला हाक मारली की दुसरी ओ देते. फ्रेंचच्या तिसऱ्या वाक्यात इटालियन घुसली, पाचव्यात स्पॅनिश. विभागप्रमुख बाई भलत्याच कडक. म्हणाल्या, आणखी एकदाच संधी, मग नाव कमी करू.

मी घरी अक्कल पाजळली. "हौस झाली ना? सोड आता."

"एकदा सोडलीये मी शाळा," ताई म्हणाली. "तेवढं पुरे."

फेरपरीक्षेला ती पिशवीत चादर घेऊन गेली. मी बाहेर बाकावर, दार अर्धवट उघडं. बाईंनी बसायला सांगितलं, पण ही उभीच. चादर काढली, दोन टोकं बाईंपुढे धरली आणि फ्रेंचमध्ये म्हणाली, टोकं धरा आणि मागे सरका. तेवढं मलाही कळलं. बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. मग उठल्या आणि त्यांनी टोकं धरली.

त्यानंतर ताई अडखळली नाही. बाई विचारत होत्या, ती घडीमागून घडी घालत उत्तरं देत होती. इतकी वर्षं हिला मी नुसती लाँड्रीवाली समजत होतो, याची लाज वाटली.

ती पास झाली. पण मला आठवते ती शेवटची घडी. बाईंच्या हातून ती वाकडी पडली. ताईने मान हलवली, चादर झटकून उलगडली आणि फ्रेंचमध्येच म्हणाली, "पुन्हा."

बाईंनी मुकाट्याने टोकं धरली.